दोन इटालियन पाहुण्या

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर दोन म्हाताऱ्या स्कूटरी उभ्या असत. एक माझ्या वडिलांची लॅम्ब्रेटा, दुसरी सासऱ्यांची व्हेस्पा. वाडा पाडून इमारत बांधायचे ठरले आणि आमच्या वाट्याला एकाच दुचाकीची जागा आली.

"अहो, ठेवायची कोणती?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न अवघड होता. एकीकडे माझे वडील, दुसरीकडे तिचे!

दोघी मूळच्या इटलीच्या. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या युरोपात सामान्य माणसाला परवडेल असे वाहन हवे होते. फ्रान्सने रेनो फोर-सीव्ही आणि सित्रोएन टू-सीव्ही या चिमुकल्या मोटारी काढल्या, इटलीने स्कूटर. १९४६ साली पियाज्जोची व्हेस्पा आली, पुढल्याच वर्षी मिलानची लॅम्ब्रेटा. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिचा जनक दास्कानिओ विमानविद्येतला, त्यामुळे तिला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. इंजिन मात्र उजव्या कुशीत, म्हणून तोल जरा त्या बाजूला. लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा, इंजिन मध्यावर, चाल धीरगंभीर.

आपल्याकडे लॅम्ब्रेटा मुंबईच्या ए.पी.आय.ने आणली. व्हेस्पा बजाजने १९६१ पासून पियाज्जोच्या परवान्यावर केली. १९७१ साली परवाना संपला, तरी चेतकच्या रूपाने तिचा वंश आकुर्डीत वाढला. लॅम्ब्रेटाची इटलीतली यंत्रसामग्री आपल्या सरकारने विकत घेऊन लखनौला नेली. पुढे तोही कारखाना थंडावला.

एका शनिवारी कॉलेज आटोपून नाना पेठ गाठली. व्हेस्पाच्या क्लचप्लेटी आणि केबल पाव तासात हातात पडल्या. लॅम्ब्रेटाच्या एका सुट्या भागासाठी मात्र चार दुकाने पालथी घातली. शेवटी एक वृद्ध मिस्त्री हसून म्हणाले, "सर, नवा शौकीन आला तर मी त्याला व्हेस्पाच घ्यायला सांगतो. ती कुठेही नांदेल. पण तुम्ही विकायची म्हणाल, तर तीच विका. लॅम्ब्रेटा विकलीत, तर घेणारा तिचे भाग काढून दुसरीला लावील."

घरी येऊन हे सांगितले. सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "विकायची नाही. बाबांची गाडी भाचीला द्यायची. पण चालवायच्या बोलीवर."

परवा भाची तीच गाडी घेऊन दाराशी आली. निघताना गाडी सुरू होईना. सौभाग्यवती पुढे झाल्या, गाडी एका अंगावर कलती केली, क्षणभर धरली आणि सरळ करून म्हणाल्या, "आता मार किक. बाबा असेच करायचे."

गांधीलमाशी गुणगुणू लागली. गाडी गल्लीच्या वळणाआड गेली तरी सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. मी मुकाट्याने लॅम्ब्रेटा पुसायला घेतली.