पुरावा शिजतो आहे

ज्याला खून पचवायचा असेल त्याने तो बदलापुरात करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत बनवण्यात आल्फ्रेड हिचकॉकसाहेबांचा मोठा वाटा आहे.

१९५५ ते १९६२ या काळात अमेरिकेत टेलिव्हिजनवर ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ नावाची मालिका चाले. दर आठवड्याला नवी कथा, अर्ध्या तासात खेळ खलास. सुरुवातीला साहेबांची पोटासकट सावली येई आणि मागून कळसूत्री बाहुलीच्या अंत्ययात्रेचं संगीत वाजे. एकूण २६८ भागांपैकी साहेबांनी स्वतः दिग्दर्शित केले फक्त १७. बाकीच्यांत प्रस्तावना आणि आभारप्रदर्शन. (आमच्या साहेबांचंही प्रमाण साधारण हेच.)

त्या सतरांतला एक भाग १३ एप्रिल १९५८ रोजी दाखवला गेला. ‘लॅम्ब टू द स्लॉटर’. कथा रोआल्ड डालची. पोलिसखात्यातला नवरा संध्याकाळी घरी येतो आणि गरोदर बायकोला सांगतो, ‘मी तुला सोडून चाललो.’ बायको शांतपणे फ्रीझरमधून मेंढीची तंगडी काढते. ती गोठून दगड झालेली. तोच दगड नवऱ्याच्या डोक्यात! मग तंगडी भट्टीत भाजायला ठेवून बाई भाजी आणायला जाते. पोलीस येतात, घरभर हत्यार शोधतात. बाई त्यांना आग्रह करकरून जेवायला वाढते. जेवताना एकजण म्हणतो, हत्यार इथंच आपल्या नाकासमोर असणार!

टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर माणूस नुसता दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर ती उत्कंठा, असं साहेब सांगत. इथं तर बॉम्ब टेबलावर, रश्शासकट.

आता हे बदलापुरात जमवून बघा. आमच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे आणि सोललेले वाटाणे. गोठलेल्या वाटाण्यांनी नवरा फार तर जागा होईल. फणस वजनाला बरा, काटेरीही. पण हाताला खोबरेल लावून फणस चिरायचा, चीक पुसायचा, आठळ्या वेगळ्या करायच्या. तोवर शेजारच्या काकू ‘एवढा मोठा आणलात? अर्धा द्या हो’ म्हणून पुराव्याचे वाटेकरी होणार. शिवाय वीज! साहेबांनीच भागाच्या शेवटी सांगून टाकलंय, की या बाईने दुसऱ्या नवऱ्यावर हाच प्रयोग केला तेव्हा ती पकडली गेली. तो विसराळू; फ्रीझरचा प्लगच लावला नव्हता, मांस मऊसूत! बदलापुरात त्यासाठी विसराळू नवऱ्याचीही गरज नाही.

आपल्याकडे हे खातं रत्नाकर मतकरींनी सांभाळलं. त्यांच्या गूढकथांवर ‘गहिरे पाणी’ ही मालिका झाली. मतकरी वीस वर्षं बँकेत होते. १९७८ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. बँकेतल्या माणसाला गूढकथा सुचाव्यात यात गूढ काही नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांकडे, आणि त्यातला एक न सांगता रजेवर. भूत वेगळं कशाला हवं?

हिचकॉकचा तो भाग आम्ही दोघांनी मोबाइलवर पाहिला. संपल्यावर सौ. म्हणाली, “सापडणारच नव्हतं त्यांना.”

“का गं?”

“इतके पुरुष घरात हिंडले. आत काय शिजतंय, कधीपासून शिजतंय, एकाने तरी विचारलं? आयतं ताटात आलं, खाल्लं.”

“अगं, पण खून...”

“तो नंतर. नवरा म्हणतो, चाललो. आणि ही म्हणते, जेवायला करते. अहो, तिथंच त्याने नीट ऐकायला हवं होतं.”

मी गप्प बसलो. तिच्या आवाजात हिचकॉक नव्हता; रोज रात्री नऊपर्यंत बदलापूर लोकलची वाट बघणारी एक बाई होती.

हल्ली मी घरी आलो आणि सौ.ने “जेवायला काय करू?” असं विचारलं, की “काहीही” म्हणत नाही. पिशवी ठेवतो, स्वयंपाकघरात जातो, दिवसभरात काय झालं ते विचारतो आणि समोर असेल ती भाजी चिरायला घेतो. सौ.ला वाटतं, ही माया. मायाच आहे ती. थोडी उत्कंठाही आहे.