आजीचे कप आणि चार पिना

नव्या घरात शिरताना माझा फंडा एकच होता. आजीचे सहा कप लपवायचे नाहीत! म्हणून दारं नसलेलं कपाट आणि त्यात काचेचे शेल्फ. काय सही दिसत होतं! फक्त काच टेकली होती ती पांढऱ्या प्लास्टिकच्या पिनांवर. पैठणीला सेफ्टी पिन लावावी तशा. दिसण्याचं सोडा, एका रात्री त्यातली एक मोडली आणि दोन कप गेले.

मग मी नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. चॉईस भरपूर आहे हो! काच चिमटीत धरणाऱ्या स्टीलच्या क्लिपा आहेत. जुन्या कपाटांत असायच्या तशा दाते पाडलेल्या लाकडी पट्ट्याही करून घेता येतात. पण माझा जीव अडकला पितळी पिनांत. भोकांतही पितळेचीच बारीक नळी बसवली, की भोकंसुद्धा मिरवावीशी वाटतात.

सुतारकाकांनी एकाच पट्टीच्या मापाने चारही बाजूंना 5 मिमीची भोकं पाडली, 32 मिमी अंतराने. त्यामुळे शेल्फ डुगडुगत नाही. पिनेवर रबराची टिकली हवीच, नाहीतर काच घसरते. काच घेतली 8 मिमीची, टफन्ड. ती नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप आधीच नीट घ्या.

परवा आई आली. चार कपांकडे बघत राहिली. पिनांकडे तिचं लक्षही गेलं नाही. म्हटलं, जमलं!