चौकटीतला खिळा

'झोंबिवली' मी डोंबिवलीतच पाहिला. २६ जानेवारी २०२२ला लागला होता. आपल्याच गावची माणसं माना वाकड्या करून एकमेकांना चावत सुटलेली बघून थिएटर नुसतं खिदळत होतं. माझी मात्र खुर्चीच्या हातावरची मूठ सुटेना.

तसा झोंबी हा शब्द आपल्याला नवा नाही. मूल आईला झोंबतं, पैलवान एकमेकांना झोंबतात, मिरची झोंबते, गार वारा झोंबतो. अंगाला अंग भिडल्याशिवाय हा शब्दच होत नाही. २०२१च्या एप्रिलात नेमकं तेच बंद झालं होतं.

बाबा भिलाईला, मी इकडे. त्यांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यातल्या ऑक्सिजन प्लांटमध्ये गेली. हवा उणे १८३ अंशांच्या खाली नेली की त्यातला प्राणवायू पाण्यासारखा ओतता येतो, हे मला शाळेच्या आधी त्यांनी शिकवलं. तो वायू कन्व्हर्टरमधल्या वितळलेल्या लोखंडावर फुंकायचा, म्हणजे त्यातला कार्बन जळतो आणि पोलाद होतं. त्या एप्रिलात भिलाईचा प्राणवायू टँकरांतून परराज्यांत गेला. बाबा खिडकीतून म्हणाले असतील, "आमचा माल आहे." म्हणाले असतील एवढंच. मी तिथे नव्हते.

क्वार्टर सोडून कुरुदच्या घरात जायचं ठरलं होतं. कोहक्याच्या पुढे, जिथे परवापर्यंत धान उभं राहायचं तिथे प्लॉट पडले, तिथलं घर. १३ एप्रिलच्या पाडव्याला गुढी तिथेच. पण ६ तारखेला दुर्ग जिल्हा बंद झाला आणि पाडव्याच्या दिवशी बाबांना ताप होता. आई त्यांचं ताट उंबऱ्याशी ठेवून चार पावलं मागे सरायची. ते ताट उचलायचे, मग आई पुढे. बेचाळीस वर्षांच्या संसारात अशी शिवाशिव त्या घरात कधी नव्हती. शेवटचं ताट तसंच राहिलं. दहाव्याला पिंड नाही, कावळा नाही.

जूनमध्ये आई एकटीच कुरुदला राहायला आली. मी गेले तेव्हा कॉलनीला फाटक, फाटकाशी रखवालदार, त्याच्या हातात कपाळावर रोखायचं ते तापाचं पिस्तूल. नोंदवहीत रकाना : 'कोणाकडे'. बाबांच्या नावाची पाटी भिंतीवर, म्हणून मी तेच नाव लिहिलं. त्यानेही काही म्हटलं नाही.

सुरक्षित जागा म्हणतात ती अशी असते. सकाळी रस्ता झाडलेला, नळाला पाणी, संध्याकाळी सगळे फिरायला, पण दोघांच्या मध्ये एक सायकल जाईल एवढं अंतर ठेवून. कुणी शिंकलं की बोलणं थांबायचं. जवळपास प्रत्येक घरातून एक माणूस कमी होतं, आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. शेजारच्या व्हरांड्यात चादरीखाली काळा सिलिंडर, खांदा पांढरा. आणला तेव्हा उशीर झाला होता आणि आता परत द्यायचा धीर होत नव्हता. जुलैत मुलांनी त्याचा स्टंप केला. चेंडू लागला की घंटेसारखा वाजायचा, आणि आतून कोणीतरी दार लावून घ्यायचं.

जिवंत माणसाला बघून मागे सरायची सवय हाडांत गेली होती. मीही आईला मिठी मारली ती तिसऱ्या दिवशी, तीसुद्धा पाठमोरी, ती भाकरी थापत असताना.

भाजीवाली तेवढी या सगळ्याला अपवाद. फाटकाबाहेरूनच ओरडायची, "का साग रांधे हस, दाई?" आई नागपूरची, पण उत्तर छत्तीसगढीत द्यायची. चेच भाजीची जुडी हातातून हातात घ्यायची. बोटं लागायची. मी बघत राहायचे.

८ ऑगस्टला आपली दिव्याची अवस आली. तिकडे तीच हरेली. आईने समया, निरांजनं, बाबांचा जुना कंदील घासून पाटावर मांडले होते. त्या दिवशी रखवालदाराने पिस्तूल खिशात ठेवलं आणि जुन्या कुरुदगावातल्या माणसांना आत सोडलं. ज्यांच्या बांधांवर आम्ही घरं बांधली, तीच ही माणसं. एकाने दारावर कडुनिंबाची डहाळी खोचली. मागून लोहार आला. हरेलीला तो घराघराच्या चौकटीत खिळा ठोकतो, म्हणजे बाहेरचं काही आत येत नाही. लोखंड ओलांडून ते येऊच शकत नाही, असं तिकडे मानतात, आपल्याकडेही मानतात.

त्याने हातोडी उचलली आणि मी म्हटलं, "आई, नको." पुढचं वाक्य तोंडातून निघेना. बाबा या घरात एकदाही राहिले नव्हते. यायचे झालेच तर...

आईला कळलं. सुपातले तांदूळ लोहाराच्या पदरात घालत म्हणाली, "ठोकू दे गं त्याला. जन्म लोखंडात गेला त्यांचा. खिळ्याला घाबरतात होय ते?"

मग वाकून तिने कंदिलाची वात वर केली.