काडुमल्लेश्वराच्या दारी

बंगळूरला सहकुटुंब जाल तेव्हा केवळ लालबाग पाहून परतू नका. मल्लेश्वरम् येथील काडुमल्लेश्वराचे दर्शनही घ्या. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले हे नगर पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवास एक गाव इनाम दिले. तो लेख तेथे शिळेवर कोरलेला आहे, मात्र कन्नडात!

आईने चष्मा पुसून पाहिला, अक्षर लागेना. “तू इतकी वर्षे येथे राहतोस, वाच ना,” ती म्हणाली. मी निरुत्तर झालो. अखेर शाळेत कन्नड शिकणाऱ्या माझ्या मुलाने आजीला एकेक अक्षर ओळखून दाखविले. मराठी राजाने प्रजेची भाषा आपली मानली होती. मी मात्र परकाच राहिलो होतो. त्याच संध्याकाळी मुलाची जुनी कन्नड अंकलिपी मी मागून घेतली.