आगबोट हार्डिंज, मुक्काम मुंबई

पणजोबा सरकारी बोटीवर होते असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे सेहेचाळीसच्या बंडात होते?" नव्हते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर नाविकांचा संप पेटला, तेव्हा पणजोबांना नोकरी सोडून वीसेक वर्षं झाली होती आणि जयगडच्या खाडीकाठी आमच्या गावात ते बहुधा कुळीथ काढत असतील. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. दुसरा प्रश्न आमच्या भंडारी मंडळींचा. त्यांना पणजोबांच्या मागे थेट मायनाक भंडारींपर्यंत जायचं असतं. १६७९ साली खांदेरीला इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या मायनाक भंडारींशी नातं सांगायला आमच्याकडे प्रत्येक घर तयार असतं. कागद मागितला की पाहुणा चहा लवकर संपवतो.

पणजोबा या दोन्हींच्या मधल्या काळातले. त्यांच्या खात्याचं नाव रॉयल इंडियन मरीन. हे नाव १८९२ साली मिळालं आणि १९३४ साली त्याचंच रॉयल इंडियन नेव्ही झालं. मरीनचं काम लढण्याचं कमी आणि वाहण्याचं जास्त. पलटणी न्यायच्या-आणायच्या, किनाऱ्याची मोजणी करायची, दीपगृहांना रसद पोचवायची. मुंबईची गोदी हे ठाणं आणि माणसं मिळवायची तर रत्नागिरी जिल्हा. कोकणी मुसलमान काय आणि किनाऱ्यावरचे हिंदू काय, पावसाळ्याआधी धक्क्यावर सोडून आलेला माणूस पुन्हा कधी दिसेल याचा हिशेब घरोघर सारखाच असायचा.

पणजोबा आगवाला होते. बोटीच्या पोटात कोठारातून कोळसा ओढून आणणारा तो कोलसावाला, तो भट्टीत मारणारा आगवाला, यंत्राला तेल देणारा तेलवाला. त्यांच्या वर टंडेल आणि सगळ्यांच्या वर सारंग. घरात सांगायचे ते एवढंच, की पणजोबांनी बोटीच्या कमाईवर गहाण पडलेलं शेत सोडवलं आणि त्यांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला तो परत आला नाही.

माझ्या हाती पहिली वस्तू आली ती त्यांचं पदक. पहिल्या महायुद्धानंतर वाटलेलं, व्हिक्टरी मेडल. एका बाजूला पंखवाली विजयदेवता, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं. याच्या जोडीला एक चांदीचंही पदक असायचं. ते आमच्याकडेही आलं होतं, पण त्याची चांदी चांगली म्हणून पणजीने सोनाराकडून जोडवी करून घेतली. काशासारखं दिसणारं हे दुसरं सोनाराला नको होतं, म्हणून ते उरलं. शंभर वर्षांत त्यावर एवढा मळ चढला होता की चिंच लावून घासल्यावर कडेची अक्षरं वर आली. भिंगाखाली पदक फिरवत एकेक अक्षर वाचलं: एक नंबर, मग 'फायरमन', मग पणजोबांचं नाव, आणि आर. आय. एम. आडनाव नाही.

आडनाव नसणं ही या शोधातली खरी अडचण. इंग्रजी कारकुनाने त्याचं नाव आणि फार तर बापाचं नाव लिहिलं की खलाशी संपला. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मरीन खात्याचे खंड मागवले. अधिकाऱ्यांच्या रजा, बदल्या, भत्ते यांचा मजकूर पानोपानी. एका लेफ्टनंटच्या सामानाच्या भाड्यावरून झालेला पत्रव्यवहार इतका लांबलेला की मला त्या माणसाची कीव आली. खलाशी मात्र संख्येने येतात. इतके भरती केले, इतके कमी केले. व्यापारी जहाजांच्या १९१५ सालच्या खलाशांच्या याद्या इंग्लंडने इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या आहेत. त्यात नाव, वय, गाव, आधीची बोट एवढं सगळं मिळू शकतं. पण पणजोबा मरीनचे, त्यामुळे त्या यादीत नसणारच.

मग वाट सापडली ती आमच्याच तालुक्यात. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जुनी मोडी दप्तरं कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. आम्हाला कुणबी दाखला नको होता. पण माझ्या चुलतभावाच्या मुलीची भंडारी जातीची पडताळणी अडली होती. दप्तरं हलताहेत तोवर आपलीही नोंद काढून घेऊ, असं म्हणून त्याने कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. त्याला हवा होता जातीचा रकाना. मी वाचत बसले जन्माच्या तारखा.

माझे आजोबा जन्मले १९१२ साली. त्यांच्यानंतरची बहीण १९२० ची. मग १९२४, १९२६, १९२८, आणि शेवटची १९३१. जी नोकरी मला मुंबईच्या खंडांत सापडत नव्हती, ती इथे मुलांच्या वयांतल्या अंतरात सापडली. बाराच्या पुढे आठ वर्षं पणजोबा घरी नाहीत. वीसच्या आधी एकदा येऊन गेले. चोवीसपासून मात्र घरीच. हे चोवीस साल का, तेही जुळलं. लढाईनंतर सरकारी खर्चाला कात्री लावायला लॉर्ड इंचकेपच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९२३ साली तिचा अहवाल आला आणि मरीनचं पलटणी वाहण्याचं कामच गेलं. माणसं घरी पाठवली. आमच्या घरात पाठोपाठ पाळणे हलले त्याचं श्रेय इंचकेपसाहेबांना.

बोटीचं नाव एका गहाणखतात होतं. आमच्या बाजूची बहुतेक जमीन खोतांची. आमची मात्र वहाळालगत दोन खाचरं धारेची होती आणि ती १९१३ साली शेजारच्या वाडीतल्या सावकाराकडे गहाण पडली. दस्ताच्या सुरुवातीला रिवाजाप्रमाणे लिहून देणाऱ्याची ओळख: नाव, बापाचं नाव, जात भंडारी, धंदा मरीन नोकरी, आगबोट हार्डिंज, सध्या मुक्काम मुंबई. मोडी वाचून देणारे गुरुजी त्या शब्दावर थांबले. "हार्डिंज हे काय गाव म्हणायचं?" मी खुर्चीतून उठलेच.

हार्डिंज ही मरीनची पलटणी वाहणारी मोठी बोट. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी तुर्की फौज सुएझ कालव्यावर चालून आली तेव्हा ती कालव्यातच उभी होती. तुर्कांच्या तोफांनी तिला गाठलं. धुराड्यांना गोळे लागले, कालव्याचा पायलट जबर जखमी झाला. धुराडं फुटलं म्हणजे भट्टीचा ओढा गेला, ओढा गेला की वाफ पडते, आणि वाफ पडलेली बोट तिथेच बसली तर कालवा बंद. तोफांच्या माऱ्यातून तिला हलवून तिमसाह सरोवरात नेलं. वरच्या डेकवरचं त्या दिवसाचं वर्णन पुस्तकांत आहे. खाली कोळसा मारणाऱ्यांनी फुटक्या धुराड्यावर वाफ कशी टिकवली असेल, ते कुणी लिहिलेलं नाही. पुढे हार्डिंज तांबड्या समुद्रात राहिली, अरबांच्या उठावाला रसद पुरवत. जानेवारी १९१७ मध्ये वज्ह बंदर घ्यायला पाचशेच्या आसपास अरब लढवय्ये तिच्यातूनच उतरले. लॉरेन्सच्या 'सेव्हन पिलर्स ऑफ विझडम'मध्ये या बोटीचं नाव येतं. तांबड्या समुद्राच्या उन्हात भट्टीपुढे उभं राहणं काय असतं याचा अंदाज मला पुस्तकातून आला नाही, तो आत्याआजीकडून आला.

आत्याआजी म्हणजे ती १९३१ सालची शेवटची मुलगी. डोळे गेलेत, स्मरण शाबूत. "बापूस न्हाणीची चूल कुणाला पेटवू द्यायचा नाही, बाय," ती म्हणाली. "आकड्याने आधी सगळी राख ओढून काढायचा. खालून वारा शिरायला जागा पाहिजे म्हणायचा. मग जाळाचा रंग बघत बसायचा. पिवळा असला तर चिडायचा." आणि घरात निजायचा नाही; उन्हाळा असो, थंडी असो, खळ्यात खाट. भर पावसात पडवीत.

धाकट्या भावाचं तिला विचारलं. "काका ना? तो बसऱ्याला राहिला. तिकडे दुसरं घर केलंन म्हणतात." काकी तिला चांगली आठवत होती. मूलबाळ नाही, सगळी पोरं तिनेच सांभाळलेली. मरेपर्यंत कपाळी कुंकू आणि हातात काकणं. १९५४ साली गेली तेव्हा बायकांनी तिची ओटी भरली.

मुंबईत मशीद बंदराला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कुठे थडगं नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक त्या इमारतीत आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे त्याच नावांची सूची आहे, आणि तिथे बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव, गाव, बोट असतं. मी धाकट्या भावाला मरीनमध्ये शोधत राहिले. तो सापडला व्यापारी खलाशांत. गावाचं नाव इंग्रजीत असं मोडलेलं होतं की मोठ्याने वाचल्यावरच आपलं गाव ऐकू आलं. बापाचं नाव तेच. हुद्दा खलाशी. बोट पी अँड ओ कंपनीची मंगोलिया, तारीख २३ जून १९१७.

मंगोलिया लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाला निघालेली टपालाची मोठी बोट. वुल्फ नावाच्या जर्मन जहाजाने त्याच वर्षी मुंबईबाहेर सुरुंग पेरून ठेवले होते; त्यातल्या एकावर ती गेली आणि मुंबईच्या दक्षिणेला पन्नासेक मैलांवर बुडाली. म्हणजे बसरा नाहीच. ऐन आषाढात, आपल्याच किनाऱ्यासमोर. त्या दिवशी गावात बहुधा लावणी चालू असेल.

एवढ्यावर मला शोध संपल्यासारखा वाटला होता. चुलतभावाने पडताळणीसाठी काढलेल्या गठ्ठ्यात एक फेरफार उरला होता, १९१९ सालचा. धाकट्या भावाच्या नावाला कंस, पुढे 'मयत', वारस म्हणून बायकोचं नाव आणि खाली तिचा अंगठा. शाई फाकलेली, पण अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या साफ. त्याच साली गहाण सुटल्याचा दस्त आहे. सावकाराला दिलेली रक्कम कुठली, तेही लिहून घेतलंय: मयत भावाचे सरकारातून आलेले पैशांपैकी.

तेव्हा शेत पणजोबांच्या बोटीच्या कमाईवर सुटलं नव्हतं. पणजोबांना दोष द्यावा असं मला वाटत नाही; खाचरं सुटली म्हणून काकीसकट सगळ्यांना भात मिळाला आणि दस्तात त्यांनी खरं लिहून ठेवलं. पण पुढच्या पिढ्यांनी ते त्यांच्या नावावर जमा केलं आणि भावाला बसऱ्यात दुसरं घर थाटून दिलं, याचा मला राग आला. अजून आहे.

आत्याआजीला हे सांगावं की नको, यावर घरात दोन तट पडले. मी सांगितलं. ती जराही दचकली नाही. "अंगठा तिचाच," म्हणाली. "तिला ठाऊक होतं. आमच्या आईला पण ठाऊक. पोरं विचारायची तेव्हा बसरा सांगायचं ठरलेलं. विधवा म्हटलं असतं तर सासऱ्याने केस काढवले असते. बसऱ्याला आहे म्हटलं की कोण विचारतो?" मग थोड्या वेळाने, "कुंकू तिला शोभायचं पण."

आमच्या भंडाऱ्यांत तेव्हा केशवपन होतं का, यावर चुलतभाऊ अजून माझ्याशी वाद घालतो. मी म्हणते, आत्याआजीच्या आजोबांची सोवळ्याओवळ्याची हौस तुला माहीत नाही. त्याची खरी तक्रार वेगळी आहे. पडताळणीला जोडलेल्या वंशावळीत त्याने पणजोबांना एकुलते दाखवलंय, कारण निपुत्रिक भावाचा दाखल्याला उपयोग नाही. मी काकांचं नाव घालायला लावलं, आणि त्यांच्या शेजारी काकीचंही, तिचा अंगठा ज्या नावापुढे आहे त्या नावानिशी. बायकांना वंशावळीत रकाना नसतो असं तो म्हणाला. नसला तर आखून घे, म्हटलं. प्रतिज्ञापत्र आता नव्याने करावं लागणार आहे आणि त्याचा खर्च माझ्याकडून घेणार, असं त्याने बजावून ठेवलंय.