निकाल हातात, वसुली वाऱ्यावर

एडिसनमधल्या आमच्या कॉन्डोचा भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं थकवून निघून गेला. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते वळतं करूनही चांगलीच रक्कम अडकली. इथे घर खाली करून घेण्याचा दावा वेगळा, पैशांचा वेगळा. म्हणून स्मॉल क्लेम्स कोर्टात गेलो. तो फिरकलाच नाही. निकाल एकतर्फी माझ्या बाजूने लागला.

“आता हे त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर चढव, झक मारत पैसे आणून देईल,” असं मराठी मंडळातल्या एका जुन्या घरमालकाने सांगितलं. त्याच्या काळात ते खरंही होतं. क्रेडिट ब्युरोंसाठी कंपन्यांची माणसं कोर्टातून निकाल गोळा करत, ते आपोआप रिपोर्टवर येत आणि सात वर्षं राहत. मी निकालाची प्रत क्रेडिट ब्युरोकडे पाठवली. तिचं काहीच झालं नाही. चौकशी केल्यावर उलगडा झाला: एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांनीही जुलै २०१७ पासून दिवाणी निकाल काढून टाकले आहेत. नोंदीत नाव-पत्त्यासोबत सोशल सिक्युरिटी नंबर किंवा जन्मतारीख हवी, आणि ती नोंद दर ९० दिवसांनी तपासलेली हवी, असं ठरलं. कोर्टाच्या कागदांवर हे बहुधा नसतंच.

मी चडफडलो, पण नियम चुकीचा म्हणवत नाही. एडिसनमध्ये एकाच नावाचे पटेल किती असतील! एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी, हे पूर्वी होत असे.

कलेक्शन एजन्सीला प्रकरण दिलं तर ती आपल्या नावाने थकबाकी रिपोर्टवर नोंदवू शकते. मात्र वसुलीतला मोठा वाटा तिचा. मला ते परवडेना. त्यापेक्षा निकाल ट्रेंटनला सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे डॉकेट करून घेतला. आता राज्यात भाडेकरूच्या नावावर घर असेल किंवा पुढे झालं, तर त्यावर माझा बोजा राहील, आणि निकाल २० वर्षं जिवंत असतो. बँक खात्यावर किंवा पगारावर जप्तीही आणता येते, पण खातं कुठे, नोकरी कुठे, हे शोधायचं आपणच.

तेव्हा घर भाड्याने देणाऱ्यांनो, अर्जावर नोकरीचा पत्ता लिहून घ्या आणि पहिल्या चेकची प्रत जपून ठेवा.