मांडी आणि पट्टा

लेक, जावई आणि दोन नाती न्यू जर्सीहून पहिल्यांदाच एकत्र अमरगोळला यायच्या होत्या. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटी सव्वा वर्षाची. तिकिटं काढायच्या आधी महिनाभर आमच्या फोनवर एकच विषय चालला होता, मुलींच्या कारसीट आणायच्या की नाही.

मला आधी ती चेष्टाच वाटली. चौघांच्या बॅगा, दुधाच्या बाटल्या, डायपर, बाबागाडी, आणि त्यात ही दहा-दहा किलोची दोन धुडं! मी म्हटलं, "अगं, इथं आम्ही आहोत की मांडीवर घ्यायला. तुला नाही का मांडीवर बसवून हिंडवलं?" पलीकडे ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मांडी म्हणजे पट्टा नाही गं."

हे मला लागलं. दोन दिवस मी फोन केला नाही.

तिकडची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. थोरलीच्या वेळी बाळंतपणाला गेले होते, तेव्हा दवाखान्यातून बाळ घरी न्यायच्या आधी गाडीत सीट बसवलेली लागते हे पाहिलं होतं. त्या सीटच्या तळाशी औषधाच्या बाटलीवर असावी तशी मुदतही छापलेली असते. प्लास्टिक उन्हात-थंडीत जुनं होतं, म्हणून. बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट विमानातही चालते. ते असेल तरच ती विमानात लावू देतात, तीही बहुधा खिडकीशी, म्हणजे अडचण झाली तर बाकीच्यांची बाहेर पडायची वाट अडायला नको.

पण खरी मेख तिकिटाची होती. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन उडता येतं. सीट विमानात लावायची तर तिच्यासाठी वेगळी जागा, म्हणजे वेगळं तिकीट हवं. आपल्याकडच्या विमानात आईच्या पट्ट्यात अडकवायला बाळासाठी एक छोटा जोडपट्टा देतात. अमेरिकेत उडताना-उतरताना तो चालत नाही, कारण झटका बसला की पट्टा बाळाच्या पोटात रुततो आणि वरून आईचं अंग येतं. म्हणजे तिकडे मांडीवरच्या बाळाला आईच्या हातांखेरीज काहीच नाही.

लेकीनं मग मला 1989 सालची एक गोष्ट सांगितली. जुलै महिन्यात डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेडचं विमान आयोवातल्या सू सिटीला कोसळत उतरलं. त्यात चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी आयांना सांगितलं, बाळांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. चौघांतलं एक मूल गेलं. जॅन ब्राउन स्वतः वाचल्या, आणि पुढं कित्येक वर्षं एकच मागणी करत राहिल्या की विमानात प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा हवा.

"मग झाला का नियम?" मी विचारलं.

नाही झाला. तिथल्या विमान खात्यानं 2005 साली सक्ती करायची नाही असं ठरवलं. हिशेब असा, की बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर पुष्कळ कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. म्हणजे विमानातलं एखादं मूल वाचवायला जाऊन रस्त्यावरची जास्त जातील. मी व्यापाऱ्याच्या घरातली आहे, हिशेब मला कळतो. हा चुकलेला नाही. तरी जॅन ब्राउन यांना तो कुणी कोणत्या तोंडानं समजावला असेल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

पण त्या हिशेबातून एक गोष्ट मला उमगली. सीट विमानात लागो न लागो, विमानातून उतरल्यावर ती लागणारच. आणि उतरल्यावर ह्या मुली काय घरात बसणार होत्या? बेळगावला माझं माहेर, पुढं निपाणीजवळ स्तवनिधीचं दर्शन, मग जावयांना गोवा. आमचा हुबळी-धारवाड बायपास तर सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीकडचा हमरस्ता रुंद झाला तरी हा तुकडा वर्षानुवर्षं दुपदरीच राहिला. 2021 च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दावणगेरेच्या जुन्या वर्गमैत्रिणी गोव्याला निघाल्या होत्या, त्यांची गाडी इथेच इटिगट्टीजवळ टिपरवर आदळली. त्या सकाळची बातमी आमच्या गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही.

जावयांनी एकदा मला गणित सांगितलं. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी हातभर अंतरात थांबली, तर दहा किलोचं बाळ तेवढ्या क्षणापुरतं हातांना दोनशे किलोच्या वर लागतं. दोन क्विंटल! आमच्या घरापासून बाजार समितीचं आवार जवळ. रोज पोती उचलणारे हमाल बघते मी. दोन क्विंटल त्यांच्यातलाही कुणी उराशी धरून ठेवणार नाही.

मला हे गणित सांगायची खरं तर गरज नव्हती.

1993 साली आम्ही दिरांची मारुती घेऊन बेळगावला लग्नाला निघालो होतो. सासूबाई नको म्हणत होत्या, एस्टीनं जा म्हणाल्या होत्या. हे गाडी चालवत होते, मी शेजारी आणि लेक माझ्या मांडीवर. कित्तूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली. यांनी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता. माझे दोन्ही हात तिच्याभोवती होते, हे मी शपथेवर सांगेन. ओल्या हातातून साबण निसटतो तशी ती निसटली आणि समोर आपटली. उजव्या भुवईत तीन टाके पडले. घरी आम्ही सांगितलं, लग्नघरी पायरीवरून पडली. सासूबाईंना तेच, आणि पुढं लेकीला विचारायचं कळू लागलं तेव्हा तिलाही तेच.

आमच्याकडे पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. पाठशाळेत मुलींना मी तत्त्वार्थसूत्र शिकवलं आहे. त्यात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी येतो, जीव जाणं नंतर. वस्तू उचलतानाही जपून उचलावी आणि ठेवतानाही जपून ठेवावी, याची वेगळी समिती सांगितलेली आहे. पाटी-पेन्सिल कशी ठेवावी हे मी पोरींना दाखवत असे.

तिसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि कित्तूरचं सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "केवढी होते मी?"

"सव्वा वर्षाची."

"अण्णा चालवत होते?"

"हो. पण त्यांना काही विचारू नकोस."

धाकटीचं वेगळं तिकीट काढलं. पैसे आम्ही दिले, जावयांनी आढेवेढे घेतले, पण ऐकलं नाही. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात ती आपल्या ओळखीच्या सीटमध्ये चक्क झोपली, याचा सगळ्यात फायदा झाला तो आईला. थोरलीची सीट जाड पिशवीत घालून सामानात टाकली होती. सामानात टाकलेल्या सीटला तडा गेला तर ती वापरायची नसते, म्हणून हुबळीच्या विमानतळावर जावयांनी आधी ती उलटीपालटी करून तपासली. मग मागच्या बाकाच्या फटीतल्या लोखंडी कड्या शोधून दोन्ही सीट बसवायला वीस मिनिटं घेतली. उन्हात आम्ही उभे. पुतण्या म्हणाला, "इल्ले हत्र ऐत्री, घ्या की मांडीवर." इथंच तर जायचंय, असं. यांनी त्याला गप्प बस म्हटलं. एवढ्या जोरात का, ते त्याला कळलं नाही.

धाकटी उणकल तळ्यापर्यंत रडली. दोन सीटच्या मधे अंग चोरून मी बसले होते. दहादा हात पट्ट्याकडे गेला.

आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनं गाडीत मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. स्कूटरवरच्या चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, असा नियम 2022 साली काढून वर्षभरानं लागू केला. आमच्या फाटकातून सकाळी शाळेला जाणारी शंभर मुलं दिसतात, स्कूटरवर पुढं उभी, मागं दप्तरासकट लोंबकळणारी. तो पट्टा मी अजून एकावरही पाहिलेला नाही.

जाताना थोरलीची सीट लेक इथंच ठेवून गेली, तिला तिकडे आता मोठी लागणार होती. मुदत अजून तीन वर्षांची आहे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा मुलगा तिच्याच वयाचा. ते दर रविवारी गाडीनं गदगला जातात. मी सीट घेऊन वर गेले, तर त्याचे वडील संकोचानं हसले, "कशाला काकू, हिच्या मांडीवर बसतो की तो."

मी आत जाऊन बसले. म्हटलं, चहा टाका, मला थोडं सांगायचंय.